मापाचा कागद

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
गाळ्याचं शटर अर्ध्यावर अडतं.
मालक म्हणाला, "तेल घाला, आणि खांदा लावून उचला."
तीन दिवस मी तेलच घालतेय.

समोरचा टपरीवाला विचारतो, "ताई, उघडणार कधी?"
पाटी रंगवायचीय, मी सांगते.
पाटी रंगून झालीय.
भिंतीकडे तोंड करून मीच ठेवलीय तिला.

आई बोलत नाही माझ्याशी.
आजोबांनी नगरकडच्या गावात
बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री
रापी आणि आरी विहिरीत टाकली.
आमच्या घरात ही गोष्ट
ख्रिस्तजन्माच्या खालोखाल सांगतात.
"तीन पिढ्या लागल्या, सत्वशीला,
हातांचा तो वास जायला.
आणि तू पैसे मोजून परत आणतेस?"

आई, तू मिशनच्या दवाखान्यात
बत्तीस वर्षं पाय धुतलेस परक्यांचे.
घरी आलीस की तुझ्या हातांना
कसला वास यायचा
ते मी कधी विचारलं नाही,
तसेच घेतले गालावर.
हे तिला म्हणायचं होतं.
म्हटलं नाही.

बँकेतल्या साहेबांनी फाईल मिटली.
"तारण काय देणार, मॅडम?"
रविवारच्या शाळेपासून हा शब्द
मी उभी राहून गातेय.
त्याचे कागद
पहिल्यांदाच मागितले कुणी.

शेवटी पाटल्या ठेवल्या.
आणि एकोणीस वर्षांचा पीएफ,
महापेच्या एक्स्पोर्ट कंपनीतला,
जिथे मी परदेशी बायकांचे बूट तपासले
रोज चारशे जोड,
आणि एकही पाय पाहिला नाही.

पाळकसाहेब म्हणाले, पाचारण खरं असेल
तर भीती जाईल.
गेली नाही.
मग रात्री गाळ्यातच बसून
थेट तुला विचारलं, सुतारा,
पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा
भाव कसा सांगितलास?
आवाज बसला होता का?
जू मापात नाही उतरलं
तर बैलाच्या मानेवरून
हात कोण फिरवायचं, तू की योसेफ?
उधारी बुडवणारे नासरेथातही असतीलच.
इतकी वर्षं दुकान चालवलंस,
आणि हिशेबाची एक वही
मागे ठेवली नाहीस आमच्यासाठी.

तू काही बोलला नाहीस.
मच्छर होते फार.

आज सकाळी शटरखालून
दोन पाय दिसले.
एकात चप्पल, एकाला पट्टी.
"दवाखान्यातल्या बाईंनी पत्ता दिला,"
खारेगावचे भोईर. जन्म मिठागरात गेला,
आता शुगर.
"चपलेतून खिळा घुसला, बाय.
सांजपर्यंत पायातच होता.
मला काय कळलाच नाय."

शटर मी कसं उचललं
आता आठवत नाही. खांदा दुखतोय.

फरशीवर कागद पसरला, गुडघे टेकले.
ते मागे सरले, "पायाला हात नको लावू, बाय."
"हात लावल्याशिवाय माप कसं येईल, काका?
ठेवा. पूर्ण वजन टाका."
पेन्सिल उभी धरून टाचेपासून निघाले.
हात थरथरत होता,
रेघ थरथरली नाही.
जिथे खिळा गेला होता तिथे
कागदावर छोटी फुली केली.

"किती होतील?"
घसा कोरडा.
बाराशे, म्हटलं. मग धीर करून,
साडेबाराशे. मऊ तळ आतून वेगळा लावावा लागतो.
त्यांनी पाचशे काढून दिले, घडी घातलेले.
पावती क्रमांक एक.
तारीख चुकली, खोडून परत घातली.

दुपारी कागदाचा फोटो आईला पाठवला.
खाली काहीच लिहिलं नाही.
दोन निळ्या खुणा.
बराच वेळ नुसत्या निळ्या खुणा.

पाटी उलटून लावली, थोडी वाकडी बसली.
स्टुलावरून उतरतेय तोवर फोन वाजला:
"करंगळीपाशी जागा जास्त सोड.
संध्याकाळी सूज चढते त्यांना."